हारवाल्यांची पेटी

मी गेली अठरा वर्षं मरते आहे. हंगामात दीडशे वेळा तरी. गावोगाव फिरून रात्रभर नाटक करणाऱ्या आमच्या यात्रापार्टीत नाटक दरवर्षी नवं असतं, आई मात्र जुनीच. ती सुनेचा छळ सोसते, उजाडायच्या जरा आधी मरते, आणि गाव समाधानाने घरी जातं. मला पस्तिसाव्या वर्षी आई केलं तेव्हा माझा रंगमंचावरचा मुलगा चाळीस वर्षांचा होता.

मला मारण्यात आमच्या उच्छब मलिकचा मोठा वाटा. मी पार्टीत आले तेव्हा तो पेट्यांचा माणूस होता. तलवारी, मुकुट, राक्षसांचे सुळे, नवरीची बनारसी, सगळं बावीस पेट्यांत. त्याला वाचता बेताचंच येई, म्हणून झाकणांवर चित्रं काढलेली. पुढच्या प्रवेशाला लागणारी वस्तू पेटीत सगळ्यात वर, वापरून झाली की परत तिच्याच पेटीत. गदा मागितली आणि धनुष्य हातात आलं असं एकदाही झालं नाही. हे तो नव्या माणसाला कुरमुऱ्यांची मुढी खाऊ घालून ऐकवायचा, आणि नवा माणूस मुढी संपेपर्यंत ऐकायचा. त्याच्याजवळ दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं.

मग मालक त्रिलोचनबाबूंनी एलईडीची भिंत आणली. पंचवीस फूट रुंद. भिंतीबरोबर कटकहून दोन पोरं आली, लॅपटॉपमध्ये हजारभर व्हिडिओ भरून आणि त्यांना इंग्रजी नावं देऊन निघून गेली. तिसऱ्या दिवशी रामाला वनवासाला जायचं होतं आणि वन सापडेना. राम दहा मिनिटं विमानतळावर उभा होता. मालकांनी उच्छबला बोलावून सांगितलं, की ह्यासुद्धा वस्तूच आहेत, फक्त उचलता येत नाहीत.

एवढं त्याला पुरलं. त्याने लॅपटॉपमध्ये पेट्या केल्या. पावसाची पेटी, आगीची पेटी, देवळांची, गुंड यायच्या आधीच्या ढगांची. स्वित्झर्लंडची पेटी सगळ्यात मोठी, कारण आमचे नायक-नायिका इथे केंद्रापड्यात प्रेम करत नाहीत. कीबोर्डच्या बटणांवर चिकटपट्टी लावून त्यावर ढग, ज्वाळा, कळस काढले. बटण दाबलं की त्या पेटीतलं सगळ्यात वरचं चित्र भिंतीवर जाई. राम पुन्हा कधी विमानतळावर सापडला नाही.

एका पेटीवर हार काढलेला होता. त्यात मेलेल्यांचे फोटो. मी प्राण सोडला की भिंतीवर माझा हार घातलेला फोटो आणि विझणारा दिवा. ते बटण दाबलं की उच्छब मान खाली घालून गमछ्याने डोळे पुसायचा. रोज. तो भिंतीकडे बघत नसे. चित्र बरोबरच असणार हे त्याला ठाऊक होतं. मी प्रेक्षकांकडे डोकं आणि भिंतीकडे पाय करून पडलेली असते, डोळे मिटून. मेलेल्या बाईने डोळे उघडायचे नसतात. त्यामुळे माझा तो फोटो मीही कधी पाहिला नव्हता. रडणं ऐकू यायचं, आणि लाइटवाला नंतर सांगायचा की उच्छब आजही रडला. मला तेवढं पुरे होतं.

मग बडबेतरा गावी प्रयोग झाला. नाटक बोलावणाऱ्या तिथल्या गावकमिटीचे सभापती दैतारि प्रधान, दगडखाणीचे ठेकेदार. नाटकाआधी त्यांचा फोटो लावून स्वागत करायचं ठरलेलं. फोटो ऐनवेळी कुणाच्या तरी फोनवरून आला. कसल्याशा उद्घाटनातला असावा. गळ्यात झेंडूचा जाडजूड हार, नजर खाली. उच्छबने तो लावला, उतरवला, आणि सवयीप्रमाणे त्याच्या पेटीत ठेवून दिला. हारवाल्यांच्या पेटीत, सगळ्यात वर. यात त्याचं काय चुकलं? आमच्या पार्टीत जिवंत माणूस हार घालून फोटोत जात नाही.

पहाटे मी मेले. मुलाने "बोऊ" म्हणून आईसाठी हंबरडा फोडला. उच्छबने बटण दाबलं आणि मान खाली घातली. मी रडण्याची वाट बघत पडले, तर सगळीकडे शांतता. मग मागून एक माणूस ओरडला, "अरे, सभापती गेले!" आणि बायकांनी खराखुरा गळा काढला. सभापती पुढच्या सोफ्यावर बसलेले होते, पण मागून ते दिसत नव्हते.

सकाळी उच्छबने स्वतःच आपलं बोचकं बांधलं. इतक्या वर्षांत पहिली चूक, आता राहायचं कोणत्या तोंडाने, एवढंच तो म्हणत होता. दैतारि प्रधान तीन माणसं घेऊन आले. आम्ही सगळे मालक बसतात त्या गादीघराबाहेर उभे. ते मालकांना म्हणाले, "सुरुवातीला फोटो लावता तेव्हा लोक वडे-उसळ, बरा-घुगुनी खात असतात, बाबू. पहाटे सगळं गाव माझ्याकडं बघून रडलं. निवडणुकीत मला पाडायला निघालाय त्याची बायकोसुद्धा. पुढच्या वर्षी तिथंच लावा."

बातमी आमच्या ट्रकच्या पुढे धावली. पुढच्या गावच्या सभापतींनीही तीच जागा मागितली, त्याच्या पुढच्यांनीही. ते आता आपण होऊन हार घालून फोटो काढून पाठवू लागले. उच्छब मालकांकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "मालिक, ही चूक आहे."

"होती," त्रिलोचनबाबू म्हणाले. "आता आयटम आहे."

मग मी रोज कुणातरी ठेकेदाराच्या फोटोखाली मरू लागले. रडणं गेलं, "बघ, बघ, आपले बाबू" अशी कुजबुज आली. लाइटवाला म्हणाला की उच्छब आता मान खाली घालत नाही, कोरड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत बसतो. ते ऐकून माझं डोकं फिरलं. गावाने नाही रडलं तर नाही, पण यानेही? मी त्याला भर जेवणात, पखाळाचं, पाणीभाताचं ताट समोर असताना, नाही नाही ते बोलले. माझं मरण तू वाटून टाकलंस, म्हणाले.

तो मला अपा, म्हणजे ताई म्हणतो. ताटाकडे बघत म्हणाला, "अपा, तुमचा फोटो पेटीतच आहे. तळाशी."

फाल्गुनात कुसुपांग्याचा प्रयोग लागला. ते माझं माहेर. मी पार्टीत गेले त्या दिवसापासून त्या घराचं दार मला बंद आहे. पण धाकटी बहीण नातवंडांना घेऊन नाटकाला येणार असं कळलं होतं, आणि ते उच्छबलाही कळलं होतं. तिथले सभापती भातगिरणीवाले. त्यांनी स्टुडिओत जाऊन निळ्या जाकिटावर हार घालून फोटो काढून घेतला होता. मालकांनी स्वतः पेटी उघडायला लावून तो सगळ्यात वर आहे ना, पाहिलं.

मी मेले. मुलगा रडला. कुजबुजीसाठी मी मन घट्ट करून पडले होते, पण कुणी काही बोललं नाही. मग पुढच्या रांगेतून एका बाईने हुंदका देऊन हाक मारली, "टुकुनी!"

ते माझं घरचं नाव. पार्टीत ते कुणालाही ठाऊक नाही.

अठरा वर्षांत मेल्यावर मी कधी डोळा उघडला नव्हता. त्या पहाटे उघडला. भिंतीवर मी होते, बावीस वर्षांची, उच्छबच्या पेटीतला पत्र्याचा मुकुट घातलेली, पहिल्या वर्षीची राणी. पंचवीस फुटांची. हारही खऱ्या फुलांचा; त्याने माझ्या जुन्या फोटोला तो घालून मग त्याचा फोटो काढला असावा. भिंतीच्या कडेला उच्छब बसला होता, मान खाली घालून, गमछा डोळ्यांना लावून. मी डोळा मिटला, पण मेलेल्या बाईच्या कानशिलावरून पाणी वाहत राहिलं.

सकाळी गिरणीवाले नको नको ते बोलून गेले. मग त्रिलोचनबाबूंनी सगळ्यांसमोर उच्छबला उभं केलं. तो हात जोडून म्हणाला, "चूक झाली, मालिक. एकतीस वर्षांतली पहिली." बडबेतऱ्याची त्याने धरली नाही; ती आता आयटम होती.

"पुन्हा होता कामा नये."

"नाही होणार," उच्छब म्हणाला.

आणि झालीही नाही. दुसऱ्या पहाटे, पुढच्या गावात, मी एका वीटभट्टीवाल्याच्या फोटोखाली मेले, डोळे घट्ट मिटून.