दुसरी बाटली

नौपाड्यातल्या त्या प्रसूतिगृहात एका सिस्टरना सगळे ‘दोन-बाटल्या सिस्टर’ म्हणत. नाव ऐकून भलता समज होऊ नये. सिझेरियन ठरलं, की रक्ताच्या दोन बाटल्या बर्फाच्या डब्यातून येऊन पोचल्याशिवाय त्या बाईला टेबलावर घेऊ देत नसत. डॉक्टर म्हणत, “अहो सिस्टर, साधी केस आहे.” सिस्टर म्हणत, “साधी असंल तर बाटल्या परत पाठवू. त्यात आपलं काय जातं?”

त्या खाडीकाठच्या ख्रिस्ती शेतकरी घरातल्या. गळ्यात बारीक क्रूस आणि आवाज शेताच्या बांधावरून हाक मारावी तसा. रक्तपेढी बाटली द्यायची ती बदल्यात. घरच्या कुणीतरी तितकंच रक्त द्यायचं. नेमके तेव्हाच नवरे गायब होत. कुणाला ऑफिस आठवे, कुणाची आई म्हणे, “त्याला अशक्तपणा येईल.” सिस्टर त्यांना चहाच्या टपरीवरून उठवून आणत. “बायको पोट देते, तू हात दे,” एवढंच त्यांचं व्याख्यान.

माझ्या बायकोचं मूल पायाळू निघालं आणि सिझेरियन ठरलं. एक बाटली मेहुण्याने दिली. दुसरी माझ्यावर होती. मला सुईची भीती वाटायची, आजही वाटते. “सिस्टर, मला लहानपणी कावीळ झालेली,” मी म्हणालो. धडधडीत खोटं. कावीळवाल्यांचं रक्त घेत नाहीत, हे बाकड्यावर बसल्या बसल्या कानावर पडलं होतं. सिस्टरनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग डबा उचलून रक्तपेढीत गेल्या, स्वतःचं रक्त दिलं आणि दुसरी बाटली घेऊन आल्या. तासाभराने त्याच टेबलाशी उभ्या होत्या.

दोन्ही बाटल्या लागल्या. मुलगी झाली, बायको वाचली.

शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, “रक्त कुणी दिलं?” सिस्टर उशी नीट करत म्हणाल्या, “एक बाटली भावानं, एक नवऱ्यानं.” बाहेर व्हरांड्यात मला म्हणाल्या, “मी तुझ्यासाठी खोटं बोलले. आता ते खरं करणं तुझ्याकडं.”

“करतो,” मी म्हणालो. केलं नाही. वर्तकनगरात रक्तदान शिबिर लागलं, की मी पलीकडच्या फुटपाथवरून जायचो.

बायको मात्र पाहुण्यांपुढे कौतुकाने सांगायची, “यांची एक बाटली माझ्या अंगात आहे, म्हणून तर मलाही राग लवकर येतो.” सगळे हसत. मीही हसायचो. मला खरी लाज वाटते ती याची. कावीळ भीतीपोटी एकदा सुचली. हसलो मात्र पस्तीस वर्षं.

सिस्टर गेल्या तेव्हा आम्ही दोघं चर्चमध्ये गेलो. शवपेटीपुढे हात जोडून बायको पुटपुटली, “तुमच्यामुळे वाचले हो. तुमच्यामुळे आणि यांच्यामुळे.” घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी रक्तपेढीत गेलो. रक्त पासष्टीपर्यंतच घेतात; सहासष्ट हे वय ऐकून तिथल्या मुलीने मला चहा पाजला आणि परत पाठवलं.

बायको अजून रागावते. पाहुणेही येतात. ते वाक्य मात्र ती पुन्हा कधी म्हणाली नाही.