चबुतऱ्यातलं फावडं

अन्याय झाला माझ्या चुलतीवर. गेल्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन उरकून आमच्या गावच्या सैनिक स्मारकाचा पडदा ओढला, त्याच घटकेला.

गाव किन्हवलीच्या पुढं. माझा पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडं लढला. रायफल पलटणीत जमा झाली. घरी आलं ते खंदक खणायचं आखूड फावडं. त्याच्या कडा त्यानं दगडावर घासून कोयत्यासारख्या केलेल्या. कारण सरळ आहे. खंदक एवढा अरुंद की दोन माणसं धड शेजारी उभी राहत नाहीत. त्यात समोरचा उडी मारून आला, तर संगीन लावलेली रायफल वळतच नाही. चिखल शिरला की झडतही नाही. तिथं जगला तो फावडं चालवणारा.

पणजोबा याची बढाई मारत नसे. परत आल्यावर त्या फावड्यानं फक्त बांध तासला. पुढं ते चुलतीकडं आलं. भाताच्या लावणीत, म्हणजे आमच्याकडच्या आवणात, खाचराचं तोंड फोडायला आणि बुजवायला तिला तेच लागतं.

स्मारक समितीची माणसं दारात आली. "काकी, आजोबांची निशाणी द्या, काचेत ठेवू." काकीनं घासूनपुसून दिलं.

पडदा सरकला. फायबरचा जवान. हातात वाकड्या मॅगझिनची बंदूक. पणजोबाच्या काळात ती जन्मालाही आली नव्हती. काचेच्या पेटीत समितीचेच फोटो.

"माझं फावडं कुठाय रे?"

अध्यक्ष हसला. "काकी, फावड्यानं कोण लढतं? जवानाच्या शेजारी ते बरं दिसतं का? गवंड्याला दिलं, माल कालवायला."

चुलती चबुतऱ्याच्या मागं गेली. सिमेंटातून वीतभर दांडा बाहेर आलेला. पातं आत. भरावात टाकून वर माल ओतून मोकळे झाले होते.

"शहापूरवरनं नवं आणून देतो ना."

"मला फावड्यांचा दुष्काळ नाय पडला. तुज्या जवानाला पाठव आवणात, बघू चिखल उपसतो का."

लोक हसले आणि जिलेबीच्या रांगेत गेले. चुलती दांडा हलवत राहिली. तो हलला नाही.

त्यानंतर मी समितीकडं खेटे घातले. उत्तर ठरलेलं: चबुतरा फोडला तर शहिदांचा अपमान होईल. अरे, पणजोबा शहीद नव्हता. तो परत आला, या फावड्यामुळं आला, म्हणून आमचं घर आहे. तेच तुम्ही सिमेंटात पुरलंत आणि वर खोटी बंदूक उभी केलीत. अपमान झाला तो हा.

पेरण्या झाल्यात. लावणी तोंडावर आहे, आणि चुलती दुसरं फावडं हातात धरायला तयार नाही.

गाववाल्यांनो, तुम्ही त्या पुतळ्याखाली फोटो काढलेत. आता ग्रामसभेला या. चबुतरा फोडून फावडं चुलतीच्या हातात द्यायचा ठराव मी मांडणार आहे. उठून उभे राहा आणि हात वर करा.