हळदीकुंकवाचं बोट

बसा, चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी हे सांगायला लागले की माझं डोकं पुन्हा तापतं, आणि तेव्हा समोर कुणी दात काढलेले मला खपत नाहीत. अजूनही आमच्या नातेवाइकांत कुणाकडे पत्रिका आली की मला फोन येतो, "नीता, ही खरी आहे ना गं? की नुसतं कार्ड आहे?" आता बोला!

माझी हौस तुम्हाला माहीत आहे. हाताने कार्डं करायची. बारसं, मुंज, वाढदिवस, बढती, अहो, मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा! माझं कार्ड गेलंच पाहिजे. जाड कागद आणायचा, कापायचा, चिकूची पानं वहीत दाबून वाळवायची, रंगवायची, चिकटवायची. आमच्या डहाणूच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असायचं.

शिवाय दर हिवाळ्यात एक गठ्ठा तळासरीला, मुलींच्या वसतिगृहाला दान. तिथल्या बाई ती कार्डं विकायच्या आणि मुलींसाठी चादरी घ्यायच्या. म्हणजे नुसती हौस नव्हती बरं का, त्यात पुण्यही होतं! आमच्या ह्यांना मी तेच ऐकवायची. हे म्हणायचे, "पुण्य जरा बाजूला सरकव, मला ताट ठेवायचंय."

तर २०१७ साल. माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. दोघं नरपडला राहायची, चिकूच्या वाडीत. सासूबाईंनी दिवाळीपासूनच सुरू केलं होतं, "पंगत घालू या गं. वालाचं बिरडं, भात, पुऱ्या, शिरा. वाडीतच बसवू सगळ्यांना."

मी म्हटलं, "आई, कशाला तो पसारा? लोक येतात, जेवतात, हात धुतात, विसरून जातात. मी कायमची आठवण राहील असं काहीतरी करते."

त्यावर त्या बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मी कागद कापत होते. कागद कापताना माझं लक्ष दुसरीकडे गेलं की कड वाकडी होते, म्हणून मी नुसतं "हो, हो" करत राहिले.

माझी योजना काय झकास होती, ऐका. सगळ्या नातेवाइकांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकेक कोरं कार्ड द्यायचं. त्यांनी आत दोन शब्द लिहायचे, शुभेच्छा, आठवण, काहीही. कार्डं परत गोळा करायची आणि त्यांचा अल्बम बांधून लग्नाच्या वाढदिवशी दोघांच्या हातात द्यायचा. ना पसारा, ना उष्टं-खरकटं. मला वाटलं, सासूबाई डोळे पुसतील.

कार्डं सुंदरच झाली होती, ते मी आजही म्हणेन. पुढे चिकूची दोन सोनेरी पानं, त्याखाली दोघांची नावं, 'विवाहाचा सुवर्णमहोत्सव', तारीख, रविवार. आत कोरं, लिहायला. मागे मात्र मला दोन ओळी टाकाव्या लागल्या. कारण आपले लोक! पन्नास वर्षं म्हटल्यावर साडी-टोपी घेऊन दारात उभे राहणार. म्हणून मी बारीक अक्षरात लिहिलं, 'कृपया आहेर आणू नये. द्यायचंच असेल तर तळासरीच्या वसतिगृहातील मुलींसाठी एक चादर द्यावी.' किती विचार केला होता बघा मी!

कार्डं सासूबाईंना दाखवायला नेली. त्यांनी एकेक हातात घेऊन पाहिलं. म्हणाल्या, "छान झाल्येत गं. पण अशी कोरडीच देणार? मंगल कार्याचं आहे. कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट तरी लाव."

मला काय, रंगसंगती पटली! सोनेरीवर पिवळं-लाल उठूनच दिसणार. बसले आणि एकूण एक कार्डाच्या कोपऱ्याला बोट लावलं.

तुम्ही आत्ताच कपाळावर हात मारताय ना? मारा. त्या वेळी माझ्या एकटीच्याच डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

वाटायचं काम ह्यांच्याकडे. ह्यांचं ऑफिस तळासरीला, रोज स्कूटरवरून जाणं-येणं. मी घोकून घेतलं, "सगळ्यांना नीट सांगा. आत दोन शब्द लिहायचे आणि रविवारच्या आत कार्ड परत द्यायचं. काय सांगणार?"

"सांगतो ना."

आता आमचे हे म्हणजे फोनवरसुद्धा "हं" आणि "ठेवतो" ह्यापलीकडे न जाणारा माणूस. नंतर मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यांनी प्रत्येकाच्या हातात कार्ड ठेवलं आणि म्हणाले, "नीताने दिलंय. रविवारी. विसरू नका." झालं! एवढंच!

मग मला फोन यायला लागले. पहिला वाणगावहून नणंदेचा, शैलाताईंचा. "वहिनी, कार्ड मिळालं हं! काय सुरेख केलंयस! आम्ही सगळेच आहोत, माझ्या जाऊबाईंसकट. चालेल ना?"

मला वाटलं, सगळे मिळून लिहिणार. मी हुरळून म्हटलं, "चालेल काय! जेवढे जास्त तेवढा आनंद!"

मग वरोरहून मामांचा, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावाचा. "सूनबाई, सगळं ठीक आहे, पण वेळ नाही लिहिलीस."

"वेळ कसली मामा, तुमच्या सवडीने! सकाळी, दुपारी, संध्याकाळी, केव्हाही. आणि तिकडे सगळ्यांना सांगा तसं!"

सांगितलं त्यांनी. मामा दिलेलं काम चोख करतात.

मग तळासरीहून वसतिगृहाच्या बाई. "ताई, कार्ड आलं. मुलींनाही घ्यायचं का हो ह्यात?"

"अहो, मुलींनाच तर आधी! सगळ्या मुली हव्यात मला!"

बाई फोनवरच मला आशीर्वाद द्यायला लागल्या. मला वाटलं, शुभेच्छा लिहायला एवढं काय भरून यायचं? पण म्हटलं, माझी कार्डं असतीलच तशी.

शनिवार आला. परत किती कार्डं आली? एकही नाही! अल्बम तयार, पुठ्ठा तयार, सॅटिनची रिबीन तयार, आणि आत वारा! मी ह्यांच्यावर अशी भडकले म्हणून सांगू! "नातेवाईक आहेत की कोण! दोन ओळी लिहायला होत नाही कुणाला! फुकटचं नेट आहे तर दिवसभर फुलं पाठवतात मोबाइलवर, आणि मी हातानं केलेल्या कार्डाला पेन लावत नाहीत!"

हे म्हणाले, "हं."

रविवारी सकाळी चिडलेल्या अवस्थेतच मी रिक्षाने नरपडला निघाले. मांडीवर रिकामा अल्बम, पिशवीत घरच्यापुरतं श्रीखंड. हे दुकानातून पेढे घेऊन मागून स्कूटरवर येणार होते.

वाडीच्या वळणावर रिक्षा थांबली ती थांबलीच. पुढे जायला जागा नाही! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारसायकली. फाटकाशी चपलांचा खच. आणि एवढ्या सकाळी वाडीतून बायकांचा गलका.

एवढी माणसं, न बोलावता, एका घरी कधी जमतात? तुम्हीच सांगा! सासऱ्यांना दम्याचा त्रास होता, त्यात थंडीचे दिवस. श्रीखंडाची पिशवी तिथेच टाकून मी "बाबा! बाबा!" करत आत धावले. माणसं बाजूला होऊन वाट देतायत, त्यामुळे तर माझी खात्रीच पटली.

अंगणात आले. समोर खुर्चीत सासरे. अंगावर नवं कोरं धोतर, गळ्यात हार, डोळे मिटलेले.

मी जो हंबरडा फोडला! तो म्हणे शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू गेला.

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "हळू गं. फोटो काढतायत. फ्लॅशने डोळे दिपतात म्हणून मिटले होते."

सगळं अंगण हसायला लागलं. मी तिथेच खाली बसले. रडू की संतापू, तेच मला कळेना. बाबा धडधाकट आहेत म्हणून देवाचे आभार मानले, ते आधी सांगते. पण मग ही सगळी माणसं आली कशाला? वाणगावची नणंद, तिच्या जाऊबाई, वरोरचे मामा, शेजारी, पाजारी, सगळे नटूनथटून! आणि चिकूच्या झाडांखाली चक्क कापड बांधून मांडव!

मांडव घालणारे गुजराती काका खिशातून माझं कार्ड काढून मला दाखवत म्हणाले, "बेन, कंकोत्री बहु सरस बनावी!"

कंकोत्री! गुजरातीत लग्नाच्या पत्रिकेला कंकोत्री म्हणतात. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मी शैलाताईंचा हात धरून त्यांना कोपऱ्यात नेलं. "अहो ताई, ही पत्रिका नाही हो! शुभेच्छा लिहायचं कार्ड आहे! आत कोरं आहे, बघितलं नाहीत का?"

"बघितलं की. म्हटलं, ठिकाण लिहिलं नाही म्हणजे घरीच असणार. अगं, पुढे नावं, तारीख, कोपऱ्याला हळदकुंकू, मागे 'आहेर आणू नये'. आणखी काय लागतं पत्रिकेला? बँड?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एकेक गोष्ट मी माझ्या हाताने लिहिली होती. बोटसुद्धा माझंच!

आणि आहेर नको म्हणून कुणी ऐकलं होतं का? नाव नको! चादरींचा ढीग पडला होता ओसरीवर, ते एक बरं झालं. पण त्यावर साड्याही होत्या. मामींना मी म्हटलं, "मामी, आहेर नको म्हणून लिहिलं होतं ना?" तर म्हणाल्या, "हा आहेर नाहीच. ही नुसती साडी आहे."

तेवढ्यात मला खरा घाम फुटला. ही माणसं जेवणार काय? घरात माझं श्रीखंड, तेही फाटकाशी पडलेलं! भरल्या घरातून पाहुणे उपाशी गेले तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि तेही सासूबाईंच्या लग्नाच्या पन्नासाव्या वर्षी! मी धावत मागच्या दारी गेले. "आई! आई, घोटाळा झालाय! लोकांना वाटतंय की आपण..."

आणि थांबले. मागे तीन दगडी चुली पेटलेल्या. शेजारणी भात वैरतायत. मोठमोठ्या पातेल्यांत सोललेले वाल, मोड आलेले. आता मला सांगा, वालाला मोड काय रविवारी सकाळी येतात? ते दोन दिवस आधी भिजत घालावे लागतात!

सासूबाई नव्या साडीत, कडेला बसून नारळ खवत होत्या. अगदी शांत.

"तुम्हाला माहीत होतं?"

"फोन येत होते की सगळ्यांचे. काय काय करणार म्हणून विचारत होते."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू सगळ्यांना उलट फोन करून 'येऊ नका' म्हणाली असतीस."

म्हणाले असते. शंभर टक्के म्हणाले असते. पण हे असं तोंडावर ऐकायला कुणाला आवडतं?

"आणि हळदीकुंकवाचं बोट? ते मुद्दाम लावायला सांगितलंत ना?"

त्यांनी नारळाची दुसरी वाटी हातात घेतली. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या आधी महिन्याभरात ह्यांचे वडील गेले. सुतकातून उठल्या उठल्या लग्न लावलं, हार घातले, झालं. पंगत बसलीच नाही. माहेरची माणसं चहा पिऊन परत गेली. पन्नास वर्षं मनात होतं, एकदा सगळ्यांना पोटभर वाढायचं. तुला सांगितलं होतं की मी हे. तू कागद कापत होतीस."

मला स्वतःचाच इतका राग आला की काय सांगू! वाकडी कड झाली असती तर झाली असती! मान वर करून ऐकायला काय झालं होतं मला?

बरं, गहिवरायला तरी वेळ मिळावा? सासूबाईंनी पोळपाट पुढे सरकवला. "बस आता. पुऱ्या लाट."

मी लाटायला बसले. वाटलं, दुपारी दोनपर्यंत आटोपेल. कसलं आटोपतंय! मीच सांगितलं होतं ना, 'सकाळी, दुपारी, संध्याकाळी, केव्हाही'? लोक आले! सकाळी आले, दुपारी आले, चहाच्या वेळी आले. एक पंगत उठली की दुसरी. दर पंगतीला मामा हात जोडून म्हणायचे, "सावकाश बसा, सूनबाईंनी वेळेचं बंधन ठेवलेलं नाही." मला ते लाटणं कुठे फेकावं असं व्हायचं! एवढी नाजूक कार्डं करणारे हात माझे, संध्याकाळपर्यंत कोपरापासून बधिर!

आणि उन्हं कलता कलता फाटकाशी टेम्पो! तळासरीच्या सगळ्या मुली, केसांत फुलं माळून. बाई उतरताना म्हणाल्या, "ताई, मुलींना आजवर कुणी असं पत्रिका देऊन बोलावलं नव्हतं हो." पुन्हा कणीक मळली. मुली जेवल्या, भरपूर जेवल्या, आणि जाताना चादरींचा ढीग टेम्पोत भरून घेऊन गेल्या. मी कार्डं विकून कधी एवढ्या चादरी दिल्या नव्हत्या, तेही खरं.

आमचे हे शेवटच्या पंगतीला बसले होते. मी पुरी वाढताना दातओठ खाऊन म्हटलं, "तुम्ही जरा नीट सांगितलं असतंत तर?"

"हं," म्हणाले, आणि आणखी बिरडं मागितलं.

सगळी पांगल्यावर मी ओसरीवर पाय पसरून बसले. शेजारी तो रिकामा अल्बम. सासूबाई आल्या. चेहरा असा काही खुलला होता की माझा राग जरासा निवळला. त्यांनी कमरेला खोचलेलं एक कार्ड काढलं. "अगं, तुझं ते लिहून परत द्यायचं होतं ना? बाकीच्यांचं माहीत नाही बाई, पण मी लिहिलंय."

माझा जीव भांड्यात पडला. निदान एक तरी कार्ड! एका माणसाला तरी समजलं! मी डोळे पुसून कार्ड उघडलं. आत थरथरत्या, मोठ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. तेवढंच एक पान आहे त्या अल्बममध्ये, हवं तर आत्ता आणून दाखवते.

'सूनबाईंस. आमंत्रणं फार छान केलीस. पुढच्या वेळी फक्त वेळ घालत जा.'