त्याच्या आठवड्यातला फोटो

कॅमेरा एक आणि मालक दोन, असा आमचा कारभार बरीच वर्षं चालला. लोकांना त्यात मोठी मैत्री दिसायची. "असं कुठी पाहाले भेटत नाई जी," म्हणायचे. मला विचाराल तर त्या सगळ्या वर्षांत एक दिवस असा गेला नाही की मी माझ्या भागीदारावर जळलो नाही. जळलो म्हणजे जळलो, त्याला दुसरा शब्द नाही. बायको म्हणते, आता तरी सोडा. नाही सोडत. माझ्या मायचा एक चांगला फोटो मला माझ्या हातानं काढायचा होता, एवढीच माझी गोष्ट आहे. ती कशी झाली ते सांगतो.

मी चामोर्शीत फोटो स्टुडिओ चालवतो. भागीदार जवळच्याच एका तलावाच्या गावचा, घरचे पिढ्यान् पिढ्या मासे धरणारे. दोघंही लग्नांचे फोटो काढायचो, तो भाड्याच्या कॅमेऱ्यावर आणि मी एका खेळण्यासारख्या डब्यावर. नागपूरला एका दुकानात हा कॅमेरा दिसला. कोण्या पेपरच्या फोटोग्राफरनं वापरून वापरून विकलेला, कोपरे घासून आतला धातू दिसत होता, पण अंगानं विटेएवढा, आडवा धरा नाहीतर उभा, दोन्हीकडे बटणं. असला कॅमेरा आम्ही फक्त मंत्र्याच्या दौऱ्यात मोठ्या फोटोग्राफरच्या गळ्यात पाहिला होता. एकट्याच्या ऐपतीतला नव्हता, म्हणून अर्धाअर्धा घेतला. एस.टी.त येताना आरमोरीपर्यंत तो त्याच्या मांडीवर आणि तिथून पुढं माझ्या मांडीवर, असं ठरलं. आरमोरी यायच्या आधीच अर्ध्याच्या वर रस्ता मागं गेला होता, हे मला गडचिरोलीच्या स्टँडवर उतरल्यावर सुचलं. घ्या, सुरुवातच अशी.

वापरायचा कसा, तर एक आठवडा त्याचा, एक माझा. बाजाराच्या दिवशी अदलाबदल. बॅटरी भरून द्यायची, कार्ड रिकामं करून द्यायचं. आणि लग्नसराईत तारखा एकमेकांत अडकायला लागल्या तेव्हा त्यानं त्याच्या घरची पद्धत काढली. त्यांच्यात तलावातून जाळं निघालं की मासोळीचे सारखे वाटे घालतात. एक जण पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठ केलेला माणूस नाव घेईल त्याचा तो वाटा, मग कुरकुर चालत नाही. आम्ही लग्नपत्रिकांचे दोन वाटे घालायचो. बहुतेक वेळा पाठ माझीच असायची. म्हणजे बघा, त्याला चांगली लग्नं मिळायची ती माझ्या तोंडानं मिळायची. फसवलं म्हणायचीही सोय नाही!

बरं, लग्नांचं सोडा. कॅमेरा तोच, लेन्स तीच, कार्डसुद्धा तेच, आणि फोटो मात्र त्याचे चांगले. थोडे चांगले असते तर चाललं असतं. त्याच्या फोटोतली नवरी खरंच माहेर सोडून चालली आहे असं वाटायचं. माझ्या फोटोतली बससाठी उभी असल्यासारखी. दुसऱ्याजवळ महागाचं सामान असलं तर माणूस म्हणू शकतो, त्याच्याजवळ आहे म्हणून जमतं. माझा तोही आधार गेला होता. गिऱ्हाईक माझ्या स्टुडिओत येऊन मलाच विचारायचे, "ते भाऊ कोनत्या आठवड्यात असते जी?"

मी म्हटलं, गुपित सेटिंगमध्ये असणार. एकदा त्याच्या एका लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले, फोटोच्या आत शटर, अ‍ॅपर्चर, रंगाची सेटिंग सगळं लिहिलेलं असतं, ते पाठ करून टाकलं. पुढच्या आठवड्यात माझ्या वाट्याच्या लग्नात तेच आकडे लावले आणि दिवसभर हात लावला नाही. आता, त्याच्या वाट्याचं लग्न होतं जांभळीच्या ताज्या फांद्या घातलेल्या हिरव्या मांडवात, आणि माझं होतं पिवळ्या कापडाच्या मंडपात. आमच्या कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन काड्यापेटीएवढा, उन्हात त्यात आपलं नाकही दिसत नाही. घरी येऊन पाहतो तर नवरदेव, नवरी, भटजी, सगळ्या वऱ्हाडाला कावीळ! नवरीच्या बापानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. भागीदाराला कळलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, "अगा, मले विचारलं असतं त सांगतलो असतो." या अशा बोलण्याचाच मला जास्त राग यायचा. चांगुलपणा करून वर उभा राहतो माणूस.

कॅमेऱ्याबद्दल मात्र आमचं भांडण कधी झालं नाही. उन्हाळ्यात त्याचं रबर फुगून चिकट व्हायचं, ते आम्ही सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं बसवायचो. संध्याकाळ झाली की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे यायचे. आभाळाच्या डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका कायमचा. पण दिवसाच्या उजेडात काळ्या माणसाचा फोटो काढावा तर त्यानंच. नवे कॅमेरे न् मोबाईल सगळ्यांना पिठात घोळून काढतात. यात काळा माणूस काळाच यायचा, आणि तुकतुकीत, देखणा यायचा. माझी माय काळी होती, म्हणून मला वाटायचं की हा कॅमेरा जणू तिच्यासाठीच बनला आहे.

पण माय माझ्यासमोर बसली की झालं. पदर डोक्यावर, ओठ मिटलेले, हनुवटी ताठ, आधार कार्डाला बसल्यासारखी. मी म्हणायचो, "माय, जरा हास ना." ती म्हणायची, "काऊन हासू? काई झालं का?" न सांगता काढावा म्हणून दारामागून लपून काढायला गेलो, तर तो कॅमेरा खटॅक करून असा वाजायचा की ती दचकायची आणि फोटोत डोळे मिटलेले यायचे. मी चिडायचो. मी चिडलो की ती आणखी ताठ व्हायची.

एका बाजाराच्या दिवशी तो कॅमेरा द्यायला घरी आला तेव्हा मी बाहेर होतो. माय अंगणात चिंच फोडत बसली होती. परत आलो तर तो निघून गेलेला, कॅमेरा खाटेवर, आणि त्याचा फोन आला. "मावशीचा एक ठेवलो हाय कार्डात. पाहून घेजो."

पाहिला. माय हसत होती. नुसती हसत नव्हती, मान मागं टाकून, पडलेल्या दातांची पर्वा न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. पदर खांद्यावर घसरलेला, हातात अर्धी फोडलेली चिंच. गालावर ऊन असं पडलं होतं की काय सांगू! जन्मात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या घरात, माझ्या अंगणात, माझी माय. आणि आठवडा त्याचा.

त्या कॅमेऱ्यात फोटो पुसायला कचऱ्याचं बटण दोनदा दाबावं लागतं. मी एकदा दाबलं. स्क्रीनवर त्यानं विचारलं, नक्की ना? तेवढ्यात मायनं आतून जेवायला हाक मारली, आणि मी कॅमेरा बंद केला. फोटो ठेवला. पण छापला नाही, कोणाला दाखवला नाही. ठरवलं, याच्याहून चांगला मी काढीन, मग दोन्ही शेजारी लावीन, आणि लोकच सांगतील.

त्यानंतर मी काय काय केलं! तिच्यासोबत चिंच फोडायला बसलो, तर म्हणाली, "तू हात नको लावू, तुह्याच्यानं नाई होत." विनोद सांगितले. तिनं शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं, "मंग?" मार्कंड्याच्या जत्रेला नेलं, नातवाला कडेवर दिलं. नातू हसला, ती नाही. भागीदार आला की मात्र दोघांची खुसुरफुसुर. तो गेला की तिचं तोंड बंद. मी विचारायचो, "काय बोलून राह्यले होते?" ती म्हणायची, "काई नाई, असंच." असंच! पोटच्या पोराला असंच, आणि त्याला डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पुढं त्यानं गडचिरोलीत स्वतःचं दुकान टाकलं, नवा हलका कॅमेरा घेतला, ड्रोन घेतला. जुन्यातला आपला अर्धा वाटा त्यानं मला देऊन टाकला. "तुह्यापाशीच राहू दे. तुहा जीव हाय त्याच्यावर." मग काय, सगळे आठवडे माझे झाले. माय रोज समोर, कॅमेरा रोज हाताशी. एवढं मोकळं रान मिळूनही मला तो फोटो मिळाला नाही. डबाभर फोटो झाले तिचे, आणि सगळ्यांत ती मला घाबरल्यासारखी.

मागच्या हिवाळ्यात माय गेली. दोन दिवसांचा ताप काय तो, आणि संपलं. फोटोला हार घालायचा म्हणून मोठ्या बहिणीनं, आम्ही तिला बाई म्हणतो, फोटो मागितले. मी माझे काढलेले सगळे कॉम्प्युटरवर दाखवले. बाईनं सगळे पाहिले. मग म्हणाली, "हे कोन हाय? हे आपली माय नोहे." मला असं लागलं ते. मी तो चिंचेचा फोटो उघडला. बाई एकदम रडायलाच लागली. "हाच," ती म्हणाली. "हा काऊन लपवला होता तू?" तो मोठा करून, फ्रेम करून मीच लावला. माझ्या हातानं खिळा ठोकला.

तेरवीला तो आला. चप्पल काढून फोटोसमोर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या बाजूला जाऊन उभा झालो. इतकी वर्षं विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर हरलो असतो. त्या दिवशी विचारलं.

"त्या दिवशी काय सांगतलास तू तिले? येवढी काऊन हासली?"

"म्या कुठी सांगतलो गा," तो म्हणाला. "मावशीच सांगत होती. तुहीच गोष्ट होती. तू लहान असतानाची. काई तरी केलता तू."

"काय केलतो?"

तो फोटोकडे पाहत राहिला. कपाळाला आठ्या पडल्या. "लय मजेची होती गा. दोघंबी पोट धरू धरू हासलो. पन काय होती..." त्यानं मान हलवली. "नाई आठवत."

मी बाईला विचारलं. तिला माहीत नाही, तिचं लग्न लवकर झालं. बाप कधीच गेला. दुसरं कोण सांगणार? माझी गोष्ट मायनं त्याला दिली होती, आणि त्यानं ती कुठंतरी सांडून टाकली होती, एखाद्या फालतू वस्तूसारखी. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली.

पंगत बसली. तो बसला. भाताचं टोपलं मी घेतलं. दर फेरीला त्याच्या पत्रावळीपाशी आलो की थांबायचो आणि विचारायचो, "आठवली का?" पहिल्या फेरीला त्यानं मान हलवली. दुसऱ्या फेरीलाही हलवली. तिसऱ्या फेरीला मागचे वाढपी ओरडायला लागले, तरी मी हललो नाही.

"आठव ना गा," मी म्हटलं.

"नाई आठवत गा," तो म्हणाला. "भात वाढ."