विमानांना घोड्या करणारे अप्पा

अप्पांना विमान पोटावर पडलेलं बघवत नसे, मग ते खेळण्यातलं का असेना. शेजारच्या घरात फरशीवर एखादं प्लास्टिकचं विमान आडवं दिसलं की ते बोलणं अर्धवट सोडून वाकायचे आणि ते उचलून फळीवर ठेवायचे. फळीवर ठेवूनही समाधान नसायचं. "याला घोडी पाहिजे," म्हणायचे आणि विमान घरी घेऊन यायचे.

अप्पा म्हणजे माझे सासरे. घोडी म्हणजे स्टँड. सायकलच्या स्टँडला इथे सुरतेत घोडी म्हणतात, तोच शब्द त्यांनी विमानाला लावला होता. त्यांचा उभा जन्म कडोदऱ्याच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवण्यात गेला. नवीन मशीनं आली तेव्हा जुन्या लुमांचे, आडवा धागा इकडून तिकडे नेणारे लाकडी धोटे भंगारात निघाले, त्यातले पोतंभर धोटे त्यांनी नवागामच्या आमच्या घरी आणले. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांना वाटलं, चुलीला आणलेत.

माझी नणंद ज्योती विमानात हवाई सुंदरी म्हणून लागली आणि तिच्या कंपनीतून तिला हातभर लांबीचं पांढरं विमान मिळालं. घरी आणेपर्यंत त्याचा स्टँड मोडला होता. अप्पांनी ते दोऱ्याला टांगून त्याचा तोल नेमका कुठे आहे ते पाहिलं. मग एक धोटा मधोमध कापला, त्यात सायकलच्या चाकाची आरी वाकवून बसवली, आरीच्या टोकाला जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा लावला. मी घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते, त्यातला गोंद मागून घेतला. विमान घोडीवर चढलं. अप्पा लांब जाऊन बघून आले आणि आरी आणखी जरा वाकवली.

"नाक वर पाहिजे," ते म्हणाले. "नाक खाली गेलं की मला बघवत नाही."

पुढे ज्योतीच्या मैत्रिणींची विमानं यायला लागली, शेजारपाजाऱ्यांची यायला लागली. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला छंद लागला. छंद कसला? ते काम करत असताना मी समोर बसलेली असायची. ज्योतीचं विमान वर असलं की अप्पांचे हात थरथरायचे, आणि ते थांबवायला त्यांना कानस लागायची. ती उतरल्याचा फोन आला की कानस खाली. मग जेवायचे.

एकदा मी विचारलं, "अप्पा, एवढं काय घाबरायचं? रोज हजारो लोक जातात."

ते धोट्याच्या पितळी टोकावर बोट फिरवत होते. म्हणाले, "हा धोटासुद्धा रोज हजारदा जायचा, बेटा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. एके दिवशी लुमातून सुटला आणि शेजारच्या कारीगराच्या डोळ्यात गेला. मी बाजूलाच उभा होतो." एवढं बोलून ते परत घासायला लागले. मी पुन्हा कधी तसं विचारलं नाही.

मग ती दुपार आली. ज्योतीची ड्यूटी पहिल्यांदाच सुरतच्या विमानावर लागली होती. अप्पांनी सदरा इस्त्री करून घेतला. आम्ही दोघं रिक्षा करून डुमसच्या रस्त्याला गेलो. विमानं उतरताना जिथून दिसतात तिथे कणसं भाजणारी एक बाई बसली होती, तिच्या गाडीजवळ उभे राहिलो. समुद्राकडून आभाळ काळं होऊन येत होतं. वारा असा सुटला की त्या बाईने छत्री मिटून घेतली.

विमान दिसलं. आधी दिवे, मग पंख. खाली आलं, अगदी खाली, आणि पंख एका बाजूला कलले. अप्पांनी माझं मनगट धरलं. जमिनीला टेकणार तेवढ्यात केवढा तरी आवाज झाला, विमानाने नाक वर केलं आणि ते आमच्या डोक्यावरून सरळ ढगात शिरलं. दिसेनासं झालं.

"काय व्हयनं वं?" अप्पा ओरडले. घाबरले की त्यांच्या तोंडून गावाकडची अहिराणीच निघायची. "इमान पडनं का?"

"नाही अप्पा, वर गेलं. वर गेलेलं बघितलं ना आपण?"

"ए तो पाछुं आवशे, काका," कणीसवाली म्हणाली. "गभराशो नहीं."

ते परत आलं नाही. पाऊस कोसळायला लागला. मी ज्योतीचा फोन लावत राहिले, तो बंद. अप्पा उघड्या पावसात ढगाकडे बघत उभे, मान खाली करायला तयार नाहीत. मी ओढलं तर म्हणाले, "मी बघायचं सोडलं आणि तेवढ्यात काही झालं तर?" कणीसवालीने कोळशावर पाणी पडू नये म्हणून पत्रा धरला होता.

शेवटी ज्योतीचाच फोन वाजला. "वहिनी, मुंबईला उतरलोय. इथे पाठवलं आम्हाला. अप्पांना दे." मी फोन अप्पांच्या कानाला लावला. तिचा आवाज त्यांनी ऐकला. ते तिथेच चिखलात खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ज्योती घरी आली. आता अप्पा तिला नोकरी सोडायला सांगणार, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "तुला भीती वाटली?"

"वाटली ना, अप्पा. खूप वाटली. पण आम्हाला लोकांकडे तोंड करून बसावं लागतं. समोर एक बाई होती, मांडीवर बाळ घेऊन. ती एकटक माझ्या तोंडाकडे बघत होती. मी घाबरले असते तर ती घाबरली असती. मग हसत बसले."

"मग तू घाबरायचं कुठे?"

ज्योती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून जी रडायला लागली, ती मी चहा करून आणला, तो निवला, तरी रडतच होती. अप्पा तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होते, "घाबर. इथे घाबर. इथे कोणी बघत नाही."

नोकरी सोड असं ते तिला कधीच म्हणाले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अप्पा गेले. छातीत कफ झाला होता, आठवडाभर अंथरुणावर होते. ज्योती उशाशी होती, मी पायाशी. तेरावं झाल्यावर ज्योती ड्यूटीवर गेली. निघताना तिने माझ्या गळ्यात हात टाकला, म्हणाली, "उतरले की फोन करते." मी हो म्हटलं आणि साडी पसरून कामाला बसले.

खडा चिमट्यात धरला, तर हात हलत होता. आधी वाटलं, झोप झाली नाही म्हणून. दुसरा खडा उचलला, तोही जागेवर बसेना. चूल पेटवली, भाकरी केली, घास तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला. इतकी वर्षं ज्योती उडत होती आणि मी खुशाल जेवत होते, खुशाल झोपत होते. मला वाटायचं, मी धीराची आहे. धीर कसला! घरात घाबरणारं माणूस होतं, म्हणून मला घाबरावं लागलं नव्हतं.

आमच्या यांनी विचारलं, "जेवत का नाहीस?"

"थांबा जरा," मी म्हटलं, "ती अजून वरच आहे."