बारा ते दोनचा पहारा

मला राग पटकन येतो. संन्याशाला हे शोभत नाही, असं मला गेली चाळीस वर्षं सगळे सांगत आलेत, आणि कुणी सांगितलं की मला आणखी राग येतो. आमच्या मठाच्या थोरल्यांनी मला वसईहून उचलून राजगडाच्या पायथ्याला, गुंजवणीच्या खोऱ्यात पाठवलं, तेव्हा म्हणाले होते, "तिकडे हवा थंड आहे, डोकं शांत राहील." हवा थंड आहे खरी. डोक्याला काही गुण आला नाही.

माझ्याकडे दिलेलं काम म्हणजे आंतरधर्मीय संवाद. हा शब्द खोऱ्यात उच्चारायची सोय नाही. पहिल्याच महिन्यात एका आजीबाईंनी विचारलं, "फादरबाबा, तुमी करता काय?" मी सांगितलं, वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांशी बोलतो. त्यांनी डोक्यावरचा भारा खाली टेकवला. "मंजी नुसतं बोलता?" मी म्हटलं, हो. "बरं हाय," म्हणाल्या आणि भाऱ्याला हात लावायला सांगितलं. मी फादर नाही, ब्रदर आहे, मला मिस्सा म्हणजे आमची मुख्य उपासना चालवायचा अधिकार नाही, हेही समजावून थकलो. आता फादरबाबा म्हणून हाक आली की ओ देतो. आम्ही दोघे ब्रदर इथं राहतो. एक गाय आहे, थोडं भात आहे, आणि प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा आहेत. खरं सांगतो, मी इथं सुखात आहे.

सुरुवातीची दोन वर्षं गाव तिरक्या नजरेनं बघायचं. बाटवायला आलाय की काय, अशी कुजबुज होती. ती मोडली बुवांनी. बुवा म्हणजे गावातले भजनाचे म्हातारबुवा, भाताचे शेतकरी, आवाज असा की खालच्या वाडीत ऐकू जावा. एका गुरुवारी ते सरळ माझ्या पडवीत येऊन बसले आणि म्हणाले, "बोला. काय सवांद करायचाय त्यो करा." महिनाभरात दुसरे गृहस्थ यायला लागले, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरसाहेब. वेल्हे, भोर, स्वारगेट असं आयुष्यभर घाट उतरून-चढून आलेला माणूस. बौद्ध. गावाच्या टोकाला वस्तीत घर, पहाटे उठून न चुकता वंदना. बोलायला मोजकं, पण बोलले की वर्मावर.

झालं, तेव्हापासून अकरा वर्षं आमचा गुरुवार चुकला नाही. देव आहे की नाही इथपासून युरिया कधी टाकावा इथपर्यंत सगळं. बुवा तावातावानं बोलायचे, मी भडकायचो, ड्रायव्हरसाहेब चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "गेर बदला." या बैठकीवर मी चर्चासत्रांत बोललो आहे. गळ्यात ओळखपत्र अडकवून, पडद्यावर फोटो दाखवून. तीन धर्म, एक पडवी. लोक टाळ्या वाजवायचे. आता आठवलं की माझ्याच थोबाडीत दोन द्याव्याशा वाटतात.

आमच्या गावात मार्गशीर्षात सप्ता असतो. सात दिवस देवळात अखंड नामस्मरण, आणि त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकत नाही. एकानं गळ्यात घेऊन उभं राहायचं, दोन तासांनी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. याला पहारा म्हणतात. बसायचं नाही, वीणा कुठं टेकवायची नाही. टेकली की सप्ता मोडला. जुनं गाव धरणात गेलं त्या वर्षी पत्र्याच्या शेडात सप्ता केला, पण मोडू दिला नाही, हे बुवांनी मला शंभर वेळा तरी सांगितलं असेल. बुवांचा जीव या एका गोष्टीत अडकलेला.

पण आता पहाऱ्याला माणूस मिळेना. तरणी पोरं शिरवळच्या कंपनीत, नाहीतर पुण्यात. जी उरली ती दुपारी खळ्यावर, भात झोडायला. सकाळ-संध्याकाळचे पहारे कसेबसे भरले, बारा ते दोनचा रिकामा राहिला. तो बुवांनी स्वतःकडे घेतला. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे सुजून डबे झालेले.

सप्ता बसायच्या आधीच्या गुरुवारी ड्रायव्हरसाहेब लवकर उठून गेले, तसे बुवा माझ्याकडे सरकले. "फादरबाबा, तुमी नायतरी बाराला प्रार्थनेला हुबं ऱ्हाताच. हितं हुबं ऱ्हायाचं ते देवळात ऱ्हावा. एक-दोन दिस माजी ईना धरा."

माझ्यापुढे खरा प्रश्न होता. मी एकाला शब्द देऊन बसलेला माणूस. दुसऱ्याच्या देवळात, त्यांच्या नामाची वीणा गळ्यात घालून उभं राहायचं, तर ते मनापासून हवं; नुसतं सोंग केलं तर त्यांचाही अपमान आणि माझ्या प्रभूचाही. हे एवढंच सरळ सांगायचं होतं. पण माझ्या तोंडून चर्चासत्र बाहेर पडलं. "बुवा, आपल्या श्रद्धेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु प्रत्येक परंपरेच्या काही मर्यादा असतात, आणि त्या मर्यादांचा सन्मान राखूनच..."

"फादरबाबा," बुवा म्हणाले, "न्हाई म्हनायचं आसंल तर न्हाई म्हना. येवढं लांबड कशापायी लावता?" आणि टोपी उचलून चालू पडले. अकरा वर्षांत पहिल्यांदा चहा अर्धा टाकून.

मला वाईट वाटलं आणि म्हणून अर्थातच राग आला. चार दिवस मी गाईवर ओरडलो, दुसऱ्या ब्रदरवर ओरडलो, आमटीत मीठ दोनदा घातलं. पाचव्या दिवशी राहवेना; सप्ता बसलेला होता. देवळात जाऊन मागे बसू, निदान बुवांना तोंड तरी दाखवू, म्हणून अकराच्या सुमारास निघालो. वाटेत ड्रायव्हरसाहेब भेटले, दळण टाकून परत येत होते. मी लागलीच तक्रार सुरू केली. बघा तुम्ही, एवढा मोठा माणूस, पण रुसून बसलाय. मला वीणा धर म्हणतो, माझी अडचण समजून घेत नाही. तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

ते चालता चालता थांबले.

"तुमाला बोलावलं तरी," ते म्हणाले. "म्या हितंच जल्मलो, फादर. माजा बा सप्त्याची लाकडं फोडायचा. समदी पंगत उठली की उरलंसुरलं पदरात घिऊन यायचा, आन आमी पोरं वाट बगत बसायचो. मग आमी बुद्धाकडं गेलो, ते बंद झालं. आता आडवत न्हाई कुनी. पर बोलावत बी न्हाई. बुवानं अकरा वर्सं माज्याशेजारी चा पिला. तुमच्या पडवीत. त्याच्या घरी म्या किती डाव गेलो, सांगा बरं?"

मी आठवायला लागलो. एकदाही नाही. बुवा वस्तीत ड्रायव्हरसाहेबांकडे? तेही नाही. आणि मी, शहाणा, समजत होतो की दोघं माझ्या विचारांच्या ओढीनं येतात, गेला बाजार माझ्या चहासाठी तरी. अहो, दोघांना एकत्र बसायला गावात दुसरी जागाच नव्हती! अख्ख्या खोऱ्यात पडवी एकच, ती माझी. तिथं अकरा वर्षं मध्ये बसून मी संवाद घडवत होतो आणि एवढं साधं मला दिसलं नाही. भर रस्त्यात मला रडू आलं. राग नाही, रडूच. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "आता तुमी नका सुरू करू. चला, बगू तरी म्हातारं हुबं हाय का पडलं."

साडेअकराला पोचलो. बुवांचा पहारा बाराचा, पण आधीच्या माणसाला खळ्यावरून बोलावणं आलं म्हणून तो अर्धा तास आधीच वीणा सोपवून गेला होता. देवळात दोन म्हाताऱ्या बाया टाळ घेऊन भिंतीला टेकलेल्या, एक पेंगत होती. मधोमध बुवा, गळ्यात हार आणि वीणा. आवाज नेहमीचा राहिला नव्हता. ड्रायव्हरसाहेब बाहेर पारावर बसले. मी आत गेलो. बुवांनी माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. बरोबरच होतं त्यांचं.

मी खांबाजवळ बसलो. त्यांचे पाय लटपटताना दिसत होते. एक हात वीणेवर, दुसरा हवेत, काहीतरी धरायला शोधत असल्यासारखा. धरायला तिथं काहीच नव्हतं. मग डावा गुडघा वाकला.

"अगं बया बया!" पेंगणारी बाई किंचाळली. मी उठलो, दोन्ही हात पुढं केले, आणि तसाच उभा राहिलो. वीणा घेऊ? घेतली तर काय म्हणून घेऊ? मनापासून की नुसती? माणूस डोळ्यांदेखत खाली जातोय आणि माझ्या डोक्यात चर्चासत्र चालू! त्या दोन क्षणांची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात पायऱ्या चढून कुणीतरी धावत आलं. जन्मात ज्या पायऱ्या कधी चढले नव्हते त्या ड्रायव्हरसाहेबांनी दोन ढांगांत ओलांडल्या, बुवांच्या उजव्या काखेत हात घातला आणि घाटात समोरून ट्रक आल्यावर ओरडावं तसे माझ्यावर ओरडले, "फादर, ती बाजू धरा! बगत काय ऱ्हायलाय!"

मी डावी बाजू धरली. वीणा बुवांच्याच गळ्यात राहिली, तसूभरही खाली गेली नाही. बुवांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. वाटलं, आता म्हणतील सोडा. पण त्यांनी डोळे मिटले आणि तुटलेलं नाम पुन्हा धरलं. "राम कृष्ण हरी." आवाज बारीक, पण धरला.

दोन तासांहून जास्त. बारा वाजले तेव्हा मी माझी मध्यान्हीची प्रार्थना मनातल्या मनात म्हटली, आणि देवाशपथ सांगतो, इतकी मन लावून मी ती कितीतरी वर्षांत म्हटली नव्हती. कानाशी बुवांचं नाम चालू होतं, त्याचा जराही अडथळा वाटला नाही. पलीकडे ड्रायव्हरसाहेबांचेही ओठ हलत होते. मी मनात म्हटलं, हे बुद्धाचं त्रिशरण म्हणत असणार. नंतर विचारलं तर म्हणाले, "काय म्हननार? पाय दुकत्यात म्हनत हुतो." मध्येच त्या बायांपैकी एकीनं चहा आणून तिघांच्याही तोंडाला लावला, एकामागून एक, एकाच पेल्यानं.

दोनला पुढच्या पहाऱ्याचा माणूस, गावचा दूधवाला, आला. त्यानं आमची वरात बघितली, तसाच मागे फिरून हात-पाय धुऊन आला. पहारा बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, तसा तो बुवांच्या पाया पडला. बुवांना वाकवेना, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली. सप्ता शाबूत राहिला.

बुवांना आम्ही बाहेर पारावर आणून बसवलं. जरा दम खाल्ल्यावर ते आमच्या दोघांचे हात धरून पुन्हा उठले आणि सगळा जोर लावून ड्रायव्हरसाहेबांच्या पायांकडे वाकायला लागले. ड्रायव्हरसाहेब झटकन मागे सरले.

"पाया नका पडू, बुवा. जे आसंल ते तोंडानं बोला."

बुवा अर्धवट वाकलेले तसेच राहिले. मग हळूहळू ताठ झाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"तुला म्या कदी बोलावलं न्हाई," ते म्हणाले. "घरी न्हाई आन देवळात बी न्हाई. फादरला बोलावलं. त्यो काल आलेला. तू हितला. चुकलं माजं."

हे ऐकताच माझ्या अंगात संवादक संचारला. मी लगबगीनं म्हणालो, "अहो, असू द्या बुवा, झालं गेलं..."

"फादर, तुमी गप ऱ्हावा," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "त्यांनी मला सांगितलंय."

मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यात मी केलेला हा सगळ्यात चांगला संवाद असावा.

ते बुवांकडे वळले. मग म्हणाले, "व्हय, बुवा. चुकलं तुमचं."

बुवांनी मान हलवली. ड्रायव्हरसाहेबांनी त्यांची वाकताना पडलेली टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली.

"उद्या साडेअकराला येतो," ते म्हणाले. "ईना धरनार न्हाई म्या. तुमाला धरीन."