दांडा एक, तोंडं अकरा

एका दांड्याने जगातलं कुठलंही काम करता येतं, अशी आमच्या यंत्रवाल्या चाचांची श्रद्धा होती. शाहूपुरीची पेठ तेव्हा नवीनच वसत होती, आणि तिथे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. महाराजांच्या पागेवर कामाला असलेल्या माझ्या आबांनी एका परत निघालेल्या साहेबाच्या लिलावात खिमा करायचं लोखंडी यंत्र घेतलं, आणि ते बसवून द्यायला आलेले चाचा त्या दिवसापासून आमच्या घरचेच झाले. यंत्र सोप्यातल्या मेजाच्या कडेला स्क्रूने आवळायचं, वरून मटण घालायचं, दांडा फिरवायचा. पुढच्या जाळीतून खिमा यायचा. आम्ही खूश होतो. चाचा मात्र त्या यंत्राकडे असे बघत राहिले, जणू एखाद्या हुशार पोराला नुसतं गुरं राखायला बसवलंय.

"वहिनी, एवढं दणकट यंत्र, आनि त्येला तोंड एकच?" ते आईला म्हणाले. "दांडा एक असूं दे की, तोंडं धा करूया!"

त्यांनी अकरा केली. शेवयांचं, चकलीचं, खोबरं किसायचं, कांदा-लसणाची चटणी वाटायचं. ताक घुसळायचं तोंड पहिल्यांदा बसवलं तेव्हा अर्धं ताक आढ्याला लागलं आणि उरलेलं आबांच्या पटक्यावर. आबा ओरडले, "चाचा, ह्ये काय चाललंय?" चाचा भिजलेल्या पटक्याकडे निरखून म्हणाले, "जोर बघा की त्येचा!" भाकरी थापायच्या तोंडातून भाकरीऐवजी घोड्याच्या नालासारखं काही बाहेर आलं. ते चाचांनी चवीने खाल्लं आणि नाल पागेतच चांगला म्हणाले.

मी तेव्हा बेळगावला इंग्रजी शाळेत राहून शिकत होते. शाळेत फारसं बोलत नसे. बोलले ते एवढंच, की आमच्या घरी सगळं विलायती आहे. सुट्टीत आमच्या शाळेतल्या मेमबाई कोल्हापूर बघायला आल्या आणि चहाला आमच्या घरी आल्या, तेव्हा ते बोलणं माझ्या अंगाशी आलं. त्यात चाचा हजर. अंगात तेलकट सदरा, कानामागे पेन्सिल. त्यांनी कणीक भरून दांडा फिरवला आणि केसांसारख्या बारीक शेवया परातीत उतरू लागल्या. मेमबाई उठून जवळ आल्या. पुढची पितळी चकती बोटाने दाखवून त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "हेही इंग्लंडहून आलेलं का?"

चाचांना इंग्रजी येत नव्हतं. आबांना नाही, आईलाही नाही. मी हो म्हटलं.

"काय म्हनली गं?" चाचांनी विचारलं.

"छान आहे म्हणाल्या."

"मग सांग की तिला, ह्या हातांनी केलंय म्हनून! आनि दोन ओळींची चिठ्ठी मागून घे. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात यंत्रं हायती. तिथलं काम मिळालं तर जल्माचं कल्यान हुईल बघ."

मी फक्त चिठ्ठी मागितली. मेमबाईंनी सुरेख अक्षरात लिहिलं, की इंग्लंडची कारागिरी हिंदुस्थानी स्वयंपाकघरातही कशी शोभून दिसते. त्या गेल्यावर चाचांनी चिठ्ठी सदऱ्याला हात पुसून घेतली आणि माझ्यापुढे धरली. "ह्यात माझं नाव कुठं हाय? बोट ठिव."

मी 'इंग्लंड' या शब्दावर बोट ठेवलं.

त्यांनी ती अक्षरं बघून बघून गिरवली आणि अकराही तोंडांवर छिन्नीने कोरली. मग धुतलेला सदरा घालून, चिठ्ठी आणि तोंडांची पेटी घेऊन राजवाड्यावर गेले. संध्याकाळी आले ते हसतच. "काम न्हाय मिळालं," ते म्हणाले. "पर कारभारी चिठ्ठी वाचून, माल बघून काय म्हनला ठावं हाय? ह्यो विलायती माल हाय, आमी थेट विलायतेहूनच मागवू म्हनला! एवढं चांगलं काम वाटलं त्येला!"

आईने त्यांना चहा दिला. मी खांबाआड उभी होते. खरं सांगायला एवढा निवांत वेळ मला पुन्हा कधी मिळाला नाही, आणि तेव्हाही मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. चिठ्ठी त्यांनी काच लावून दुकानात टांगली. मी त्या रस्त्याने जायचं सोडलं.

माझ्या लग्नात आबांनी यंत्र मला दिलं आणि रुखवतावर चाचांनी शेवयांचं तोंड ठेवलं, तेच पहिलं, लखलखीत घासून. पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याचं आईच्या पत्रातून कळलं.

परवा शेवया झाल्यावर मी ते धूत होते. कणीक निघाली तशी अक्षरं वर आली. सासूबाई जवळ येऊन म्हणाल्या, "विलायती हाय व्हय गं?"

"नाही. शाहूपुरीचं आहे," मी म्हटलं आणि चाचांचं नाव सांगितलं.

"मग ही अक्षरं कुनाची?"

"माझी," मी म्हटलं, आणि चकती पुसत बसले.